पाळण्याची दोरी आणि सरकारचा हात

मागच्या हिवाळ्यात खानदेशातल्याच एका तालुक्याच्या गावी वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. विषय नेहमीचा, सगळ्यांना पाठ असलेला: ‘वाढती लोकसंख्या: शाप की वरदान?’ चौदा मुलंमुली बोलली. निम्म्यांनी विस्फोट, भस्मासुर, टाइमबॉम्ब असा दारूगोळा उडवून दोन अपत्यांचा कडक कायदा मागितला. निम्म्यांनी चीनला मागे टाकल्याबद्दल छाती फुगवून ‘तरुणांचा देश’ असा जयघोष केला. त्यांतल्या दोघांनी तर ‘आपली’ संख्या घटतेय, आता तिसरं मूल हवंच, असं ठणकावून सांगितलं. टाळ्या दोन्ही बाजूंना सारख्याच पडल्या. मधल्या चहाला प्राध्यापक मंडळींत तोच सामना पुन्हा रंगला, फक्त आवाज चढे होते. मी गप्प बसलो, कारण तो दारूगोळा थोडाफार माझाच होता. तीस वर्षं भूगोल शिकवताना ‘लोकसंख्येचा विस्फोट’ हा धडा मी फळ्यावर उभा चढणारा आलेख काढून, खडू आपटून शिकवला आहे.

आज माझं मत वेगळं आहे. ‘कमी करा’ म्हणणारे आणि ‘वाढवा’ म्हणणारे एकमेकांचे वैरी वाटतात, पण बसलेत एकाच बाकावर. पाळण्याची दोरी सरकारच्या हातात आहे, असं दोघांनाही वाटतं. ‘जिच्या हाती पाळण्याची दोरी’ हे वचन आपण शाळेच्या भिंतींवर रंगवलं आणि त्याचा अर्थ लावायचा विसरलो. मुलं किती हे जिथे बाईला ठरवता आलं तिथे ती कमी झाली, कायदा असो की नसो. आणि एकदा कमी झाल्यावर कुणाच्या फर्मानाने पुन्हा वाढून टिकली नाहीत. माणसं किती, हा वाद जवळपास निकालात निघाला आहे. ती कोणत्या वयाची, कुठे राहणारी आणि कुणाच्या भरवशावर जगणारी, या वादाला मात्र अजून कुणी तोंड फोडलेलं नाही.

आधी आकडे घेऊ, कारण स्पर्धेत एकानेही ते धड दिले नाहीत. १५ नोव्हेंबर २०२२ रोजी जगाने ८०० कोटींचा टप्पा ओलांडल्याचं संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं. पुढच्या एप्रिलमध्ये भारत चीनच्या पुढे गेला. २०२४ च्या अंदाजात भारत १४५ कोटी, चीन १४२ कोटींच्या आसपास, मग बरंच अंतर सोडून अमेरिका साडेचौतीस कोटी, इंडोनेशिया २८, पाकिस्तान २५, नायजेरिया २३. मुलं इथपर्यंत पाठ करतात. पण याच चीनमध्ये २०२२ पासून जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होत आहेत. त्या वर्षी साडेआठ लाख माणसं कमी झाली, २०२३ मध्ये २० लाखांहून अधिक, २०२४ मध्ये जवळपास १४ लाख. आणि भारत? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत दर बाईमागे सरासरी २ मुलं निघाली, महाराष्ट्रात १.७. लोकसंख्या जागच्या जागी राहायला साधारण २.१ लागतात. म्हणजे ज्या घोड्याला आवरा म्हणून एक बाजू ओरडते आहे, तो चालीवर आला आहे.

यावर लगेच सवाल येतो, आणि तो खरा आहे: मग आपण वाढतोय कसे? याच संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने २०६० च्या दशकाच्या सुरुवातीला भारत १७० कोटींच्या घरात जाणार आहे. अजून पंचवीस कोटी माणसं! हे समजायला जळगावकराने पुस्तक उघडायची गरज नाही, हतनूरला जावं. भुसावळात कडक ऊन असतं आणि धरणाचे ४१ दरवाजे उघडलेले असतात, तापी दुथडी भरून चाललेली असते. पाऊस आधीच पडून गेलेला असतो, वर बऱ्हाणपुराकडे आणि पूर्णेच्या खोऱ्यात अकोला-बुलढाण्याकडे. आज दिसणारा पूर हा कालचा पाऊस. नव्वदीत आणि दोन हजारनंतर जन्मलेली मोठी पिढी आज आईबाप होण्याच्या वयात आहे. प्रत्येकीला दोनच मुलं झाली तरी आया इतक्या आहेत की पाळणे भरणारच. मग दोन अपत्यांच्या कायद्याने काय थांबणार? दोनच तर होत आहेत. हा कायदा मागणं म्हणजे पाऊस उघडल्यावर ढगांना नोटीस बजावणं.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही. आजोबांच्या वीस एकरांच्या सातबाऱ्यावर आज अठरा नावं लागलेली, हे चित्र आमच्याकडे घरोघर आहे. तुकड्यावर कुणाचं भागत नाही, म्हणून अर्धं खानदेश सुरतेला गेलं. उधना-लिंबायतच्या गल्ल्यांत आज जेवढी अहिराणी ऐकू येते तेवढी धुळ्याच्या कॉलनीत येत नाही. पण पाण्याचं उदाहरण तपासून बघा. यावल-रावेर पट्ट्यातली भूजल पातळी खोल खोल गेली, ती काय तोंडं वाढली म्हणून? तापीकाठच्या माणसांनी प्यायलेल्या पाण्याने ट्यूबवेल आटल्या नाहीत. केळीने आटल्या, आणि त्या केळी दिल्लीला गेल्या, आखाती देशांत गेल्या. केळी लावू नये असं मी म्हणत नाही, मीही त्याच मातीचा आहे. पण माणशी वापर आणि माणसांची संख्या या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की दोष नेहमी सगळ्यात जास्त लेकरं असलेल्या, म्हणजे बहुधा सगळ्यात कमी वापरणाऱ्या घरावर येऊन पडतो.

माणसं कमी असणं म्हणजे सुबत्ता, हा समजही या प्रदेशाने एकदा घेऊन पाहिला आहे. १८०२–०३ ची होळकरी धामधूम आणि पाठोपाठचा दुष्काळ, त्यात खानदेश ओस पडला. १८१८ मध्ये इंग्रजांनी ताबा घेतला तेव्हा त्यांना सापडली ती उजाड गावं, रान माजलेली शेतं आणि त्यांत मोकळे फिरणारे वाघ. सुपीक काळी जमीन हवी तेवढी होती, कसायला हात नव्हते. सरकार सवलतीचा कौल देऊन, तगाईचं कर्ज देऊन माणसांना ‘या, राहा’ म्हणत होतं. माणसं कमी होती आणि भूक जास्त होती. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९११ ते १९२१ या दशकात अख्ख्या देशाची लोकसंख्या घटली, १९१८ च्या फ्लूने. तेव्हा बायकांना मुलं थोडी का होत होती? माझ्या आजीची अकरा बाळंतपणं झाली, जगली पाच. ती मरायची थांबली म्हणून पुढे आपण वाढलो. ज्याला मी वर्गात ‘विस्फोट’ म्हणत असे तो असा देवीच्या लशीचा, क्लोरीनच्या पाण्याचा, रेशनच्या धान्याचा परिणाम होता. धड्यात त्याला विजय म्हणायला हवं होतं.

आता चीनकडे वळू, कारण कायदेवाल्यांचं हे ब्रह्मास्त्र आहे. ‘चीनने एकच मूल केलं आणि बघा कुठे पोचला.’ चीन पोचला, यात वाद नाही. पण क्रम बघा. एक मूल धोरण लागू झालं १९८० च्या सुमारास. १९७० मध्ये चिनी बाईला सरासरी सहाच्या जवळपास मुलं होत होती आणि १९७९ मध्ये तीनाच्या खाली, म्हणजे सर्वांत मोठी उतरण त्या कायद्याच्या आधीचीच. त्या दशकातही सरकारी रेटा होताच, पण त्याच्याबरोबर खेड्यापर्यंत दवाखाना पोचला होता, मुली शिकत होत्या, लग्न उशिरा होत होतं. आमच्या केरळने आणि तमिळनाडूने एकाच मुलाचा हुकूम न काढता तशीच घसरण करून दाखवली. मग कायद्याने चीनला जास्तीचं काय मिळालं? मुलग्यांचा ढीग, मुलींचा दुष्काळ, आणि म्हातारपण चार पावलं आधी. २०१६ पासून दोन मुलांना मुभा दिली, २०२१ मध्ये तीनांना. पाळणा हलला नाही. २०२२ चा अंदाज होता की शतकाअखेर चीन ७७ कोटींवर येईल. दोनच वर्षांनी तो ६३ कोटींवर आणावा लागला.

आणि आपल्याकडे जबरदस्ती झालीच नाही असं नाही. आणीबाणीत १९७६–७७ या एका वर्षात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ मध्ये विधिमंडळात मंजूर करणारं राज्य कोणतं? आपलं पुरोगामी महाराष्ट्र. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. त्या वर्षाने ‘नियोजन’ शब्दच असा बदनाम केला की पुढच्या सरकारने खात्याचं नाव बदलून ‘कुटुंब कल्याण’ केलं, आणि शस्त्रक्रियेचं ओझं पुरुषाकडून कायमचं बाईकडे सरकलं. आजही आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या शिबिरात ओळीने झोपलेल्या बायाच दिसतात. पुरुष बाहेर मोटारसायकलवर बसून वाट बघत असतात. याच महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ काढलं, खटले सोसत १९५३ पर्यंत, मरेपर्यंत चालवलं. संततिनियमन हा बाईच्या शरीराचा, तिच्या सुखाचा प्रश्न आहे असं ते सांगत होते. आम्ही त्यांना वेडा ठरवला आणि पन्नास वर्षांनी तोच विषय शामियाना, तुपाचा डबा आणि टार्गेट यांच्या हवाली केला.

दोन अपत्यांची अट आपल्याकडे स्थानिक निवडणुकांना आहेच. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं की सदस्यत्व गेलं. त्याचं काय झालं ते गावात कुणालाही विचारा. तिसरं लेकरू भावाच्या नावावर लागलं, कुठे सरपंचपदासाठी बायकोच नाकारली गेली. आणि सगळ्यात मोठी किंमत गर्भातल्या मुलीने दिली. इथे मला थांबून बोललं पाहिजे, कारण हा आमच्या घरातला हिशोब आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी ८८० होत्या. केळीचा, कापसाचा, सोन्याच्या पेढ्यांचा हा जिल्हा. लहान कुटुंब आम्ही लवकर स्वीकारलं, पण त्या लहान कुटुंबात एक मुलगा ‘फिक्स’ करून. ८८० मधली पिढी आज लग्नाला आली आहे, आणि दहा-पंधरा एकर बागायती असलेल्या पस्तिशीच्या शेतकरी पोराला मुलगी मिळत नाही. मध्यस्थ फिरतात, पैसे ठरतात, लांबच्या जिल्ह्यातून, परराज्यातून नवरी येते; एखादी आठ दिवसांत दागिन्यांसह निघून जाते आणि पेपरात चौकटीत बातमी येते. लोक हसतात. ८४२ वाली पिढी तर अजून बोहल्यावर यायची आहे. दोन मुलांचा कायदा आणखी आवळा म्हणणाऱ्यांनी हा आकडा कुठे ठेवायचा ते सांगावं.

याच खानदेशात नंदुरबार आहे. २००१ ते २०११ मध्ये जळगावची लोकसंख्या सुमारे १५ टक्के वाढली, नंदुरबारची २५ टक्क्यांहून जास्त. स्पर्धेतल्या एका मुलाने ‘अशिक्षित समाजामुळे’ असं म्हणून हात झटकले, आणि मला त्याचा राग आला नाही, मीही असंच बोलत असे. पण जिथे बाळंतिणीला झोळीत घालून डोंगर उतरावा लागतो, नर्मदेच्या फुगवट्यातल्या पाड्यांना दवाखाना बोटीने गाठावा लागतो, जिथे जन्मलेलं जगेलच असं आईला वाटत नाही, तिथे ‘दोनावर थांब’ असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? माझी आजी थांबली नव्हती, ती याच हिशोबाने. आणि गंमत अशी की ज्याला मागास म्हणायचं त्या नंदुरबारात हजार मुलग्यांमागे ९४४ मुली होत्या. सोनोग्राफी तिथे कमी पोचली हेही कारण असेल. पण मुलीचा देज, म्हणजे वधूमूल्य, घेणाऱ्या समाजात मुलगी ओझं नसते, हेही आहेच.

‘आपली’ आणि ‘त्यांची’ संख्या मोजणाऱ्यांशी वाद घालायचा मला कंटाळा येतो, पण टाळता येत नाही. मुस्लिम बायकांची सरासरी अजून हिंदूंपेक्षा थोडी जास्त आहे, हे मान्य: २.३६ आणि १.९४. पण नव्वदीच्या सुरुवातीला त्या ४.४ होत्या, म्हणजे उतरण्याचा वेग त्यांचाच जास्त. बिहारमधल्या हिंदू बाईला केरळातल्या मुस्लिम बाईपेक्षा जास्त मुलं होतात. शेजारचंच उदाहरण घ्या. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात पश्चिमेपेक्षा जास्त माणसं होती, म्हणूनच तर १९७० च्या निवडणुकीत बहुमत तिकडे गेलं. आज पाकिस्तान २५ कोटी आणि बांगलादेश १७ कोटींच्या आसपास. धर्म तोच, मौलवी तेच. एका देशात सेविका गोळ्या घेऊन दारोदार गेल्या, मुली शाळेत आणि मग शिलाईच्या कारखान्यात गेल्या. दुसऱ्यात तसं झालं नाही. इराणमध्ये ऐंशीच्या दशकात सहाच्या वर असलेली सरासरी दोन हजारच्या आसपास दोनावर आली, तीही मुल्लांच्या राज्यात.

आता बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे. १ डिसेंबर २०२४ ला नागपुरात मोहन भागवत म्हणाले, तीन मुलं हवीत. त्याआधी ऑक्टोबरात आंध्रचे चंद्राबाबू नायडू आणि तमिळनाडूचे स्टॅलिन, एकमेकांशी काडीचं न जुळणारे, दोघेही मुलं वाढवा असंच म्हणून गेले होते. दक्षिणेची तक्रार मला रास्त वाटते. १९७६ मध्ये लोकसभेच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या, त्या आता सुटायच्या आहेत. ज्यांनी कुटुंब आवरलं त्यांच्या जागा प्रमाणात घटतील आणि उत्तरेच्या वाढतील. हा अन्याय आहे. पण तो संसदेत सूत्र बदलून सोडवायचा की तमिळ बाईच्या पोटी? रुमानियात १९६६ मध्ये हुकूमशहाने गर्भपातावर बंदी घातली. वर्षभरात जन्म जवळपास दुप्पट झाले, काही वर्षांत उतरू लागले, आणि मागे उरले ते चोरट्या गर्भपातांत मेलेल्या बायका आणि अनाथालयांत टाकलेली लेकरं. दक्षिण कोरियाने पाण्यासारखा पैसा ओतला. २०२३ मध्ये तिथली सरासरी ०.७२ होती. ज्या बाईला नोकरी करून घरी येऊन सगळ्यांचा स्वयंपाकही करायचा आहे, ती भाषण ऐकून तिसऱ्याचा विचार करेल?

अंदाजांना भविष्य समजायचीही चूक होते. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांना वाटत होतं की शतकाअखेर नायजेरिया ९१ कोटींवर जाईल. २०२४ मध्ये तोच आकडा ४८ कोटींच्या आत आला. बारा वर्षांत ४० कोटींहून जास्त माणसं कागदावरून पुसली गेली. म्हणून अंदाज फेकून द्यायचे नसतात, पण शंभर वर्षांपुढच्या आकड्यावर आजच्या बाईला जुंपायचंही नसतं. आणि आपण तर वर्तमानही मोजलेलं नाही. २०११ नंतर जनगणना नाही. १ मार्च २०२७ ही पुढची तारीख. सोळा वर्षांचं अंतर! रेशनच्या धान्याचा कोटा २०११ च्याच आकड्यांवर ठरतो, त्यामुळे नंतर जन्मलेली पोरं कागदावर जन्मलेलीच नाहीत, आणि आम्ही मात्र जोरजोरात भांडतोय की ती फार झाली की थोडी.

ज्याची खात्री बाळगावी असा एक आकडा आहे, कारण ती माणसं जन्मलेली आहेत. २०५० पर्यंत साठीपुढचे भारतीय ३४ कोटींवर असतील, दर पाचातला एक. जपान म्हातारा झाला तो श्रीमंत होऊन. चीनची धावपळ चालू आहे. आपण? संध्याकाळी अमळनेर-चोपड्याकडच्या कुठल्याही गावात चक्कर मारा. चौकाचं जुनं घर, एका खोलीत दिवा, बाकीच्यांना कुलूप. मुलगा पुण्यात, मुलगी नाशकात, ओट्यावर दोघं, बीपीच्या गोळ्या तालुक्याहून आणायच्या आणि त्या आणायला एसटी दिवसातून दोनदा. जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट विसाच्या खाली, म्हणून ती बंद करायची चर्चा. त्याच इमारतीत म्हाताऱ्यांसाठी दिवसाचं केंद्र चालवावं, एक नर्स ठेवावी, असं कुठल्या ग्रामसभेत निघालं आहे का? ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याला पेन्शन कोण देणार? देशात कमावत्या वयाची माणसं सर्वांत जास्त असण्याची ही दोन-तीन दशकं आहेत, आणि ती सुरू होऊन गेली. नव्या पोरांची भर कमी पडणार, हे ठरून गेलंय; आहेत त्यांना काम, मुलींना मोकळीक आणि म्हाताऱ्यांना आधार, एवढ्यावर खरं भांडायला हवं. यातलं एकही वाक्य त्या दिवशी चौदा भाषणांत आलं नाही.

बक्षीस समारंभानंतर मी आयोजकांना सुचवलं की पुढच्या वर्षी शाप-वरदान नको, ‘पंचवीस वर्षांनी आपल्या गावात कोण असेल?’ असा विषय ठेवा. तरुण प्राध्यापक होते, माझाच जुना विद्यार्थी. त्यांनी वहीत लिहून घेतलं, पेनचं टोपण लावलं आणि जरा ओशाळून म्हणाले, “विषय चांगलाय सर, पण पोरं येणार नाहीत.”